दिगंबररावांचं नाव

अगं, तू नुसतं ऐक. आपली शर्वरी त्या नव्या अ‍ॅपवर गेली ना, जिथे फोटो नाही, फक्त आवाज टाकायचा, तर पहिल्याच मिनिटाला अ‍ॅपनं विचारलं, ‘तुम्ही यांना ओळखता का?’ नाव काय, तर ‘उखाणेवाली’! हिनं हसत हसत लावलं.

‘कुकरची झाली शिट्टी, भात झाला मऊ,
दिगंबरराव म्हणतात, थांब, मिळून जेवू!’

शर्वरीचं हसू तिथंच थांबलं. दिगंबरराव म्हणजे तिचे बाबा, गेल्या वर्षी गेलेले. आवाज आईचा. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या बिल्डिंगचं मसाला दूध आईनंच आटवलं होतं, आणि उखाणे सुरू झाल्यावर ती गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. नवरा नसलेल्या बाईला ‘नाव घ्या’ कोण म्हणतंय! शर्वरीही बाहेर सगळ्यांबरोबर हसत होती.

इथं मात्र अनोळखी बायका लिहीत होत्या, ‘ताई, दिगंबररावांसाठी अजून एक होऊन जाऊ दे!’ त्यांना काय माहीत! आणि आई रोज नवा उखाणा घेत होती.

“शरू, ठेव तो फोन!” आतून हाक आली. “भात निवतोय!”

समोर फॉलोचं बटण. दाबलं तर आईला कळणार, आणि ती लाजून सगळं बंदच करून टाकणार. नाही दाबलं तर, सगळ्या जगानं आईला नाव घ्यायला सांगायचं, फक्त घरातल्या लेकीनं नाही.

तू काय केलं असतंस गं?