उजवी मूठ

मूठ काही उघडेना.

भिंगरीने ती तीन दिवस मिटून ठेवली होती. जेवण डाव्या हाताने, आंघोळ मूठ पाण्याबाहेर धरून. शाळेत तर एक अक्षर लिहिलं नव्हतं. बाबांनी गुदगुल्या करून पाहिल्या, मग चॉकलेट दाखवून पाहिलं. चॉकलेट तिने डाव्या हाताने खाल्लं. एरवी दोन मिनिटं एका जागी न टेकणारी ही सहा वर्षांची पोर झोपेतही मूठ सोडत नव्हती. आईचा जीव टांगणीला लागला होता.

दवाखान्यातला फॉर्म आईने हात लांब धरून, डोळे बारीक करून भरला. चष्मा सकाळपासून गायब होता. ‘आजार’ या रकान्यात तिने लिहिलं, ‘एडीएचडी, गेल्या वर्षापासून.’ खाली लिहिलं, ‘आता मूठसुद्धा.’

आत जाताच भिंगरी टेबलाखाली शिरली. डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून तिच्या मागोमाग टेबलाखाली गेल्या. आई एकटीच वर उरली.

“मुठीत काय आहे गं?”

“सांगितलं तर जाईल.”

“मग अगदी हळू सांग.”

भिंगरी त्यांच्या कानाशी लागली. “लक्ष.”

मग सगळंच बाहेर आलं. आधी बाटली हरवली. मग टोपी. मग एक बूट. दुसरा आहे अजून. तेव्हा आई म्हणाली, यापुढे काही हरवलंस तर नवीन मिळणार नाही. आणि सोमवारी शाळेत बाई म्हणाल्या, हरवलं का परत तुझं लक्ष?

“बाटली नसली तर नळाचं पाणी पिता येतं,” भिंगरीला हुंदका आला. “लक्ष नसलं तर काय करायचं? सगळ्यांकडे असेल आणि माझ्या एकटीकडेच नसेल.”

आईला भरून आलं. ते नवीन न मिळण्याचं वाक्य तिचंच होतं, बुटाच्या दिवशी तोंडातून निसटलेलं. ती गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली आली आणि तिने ओंजळ पुढे केली.

“दे माझ्याकडे, बाळा. मी सांभाळते. माझ्याकडून नाही हरवणार.”

भिंगरीने डोळे पुसून आईकडे नीट पाहिलं आणि मूठ छातीशी घट्ट धरली.

“तुझ्याकडे नको. तुझा चष्मा सकाळपासून तुझ्याच डोक्यावर आहे.”