जोडवी

नाशिकच्या पोलीस भरतीत वैजयंताची पहिलीच शंभर मीटरची धाव तोंडावर आली होती आणि मैत्रिणीच्या बुटात पाय शिरत नव्हता. जोडवी आडवी येत होती. सायखेड्याला गोदाकाठच्या वाळूत तिनं सहा महिने अनवाणीच सराव केला होता, पण इथला मुरूम तळव्यात घुसत होता. लग्नात चढलेली जोडवी काढायची, तीही नवरा ट्रक घेऊन घाटात असताना? बोटाशी गेलेला तिचा हात माघारी येई. भोंग्यावर तिचा नंबर पुकारला. "काढ ती," फाटकापर्यंत सोबत आलेली सासू म्हणाली. "नको आत्याबाई. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर?" सासू मातीतच बसली. तिनं सुनेचा पाय मांडीवर ओढला, थुंकी लावून एकेक जोडवं सोडवलं आणि पदरात बांधलं. "मी एक दिवसही नव्हती काढली," सासू म्हणाली. "म्हणून जगला का तुझा सासरा? पळ!"