सादरकर्ता : अज्ञात

ग्रंथालयातल्या संगणकाच्या पडद्यावर गाणाऱ्याच्या नावापुढे ‘अज्ञात’ असं लिहिलं होतं, आणि तो अज्ञात माणूस भार्गवीच्या शेजारी, टोपी मांडीवर ठेवून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

सखारामकाकांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली आणि तिच्याकडे पाहिलं. खाली संकलन कुणाचं, हक्क कुणाचे, अनुदान कुणाचं, ते सगळं ठळक अक्षरांत होतं. मुंबईच्या एका लोककला संस्थेची ती ध्वनिफीत. त्या संस्थेची माणसं मंडणगडकडे काकांच्या घरी उतरली, येसूकाकूंच्या हातची कुळथाची पिठी भातावर ओतून ओतून जेवली, आणि काकांना अंगणात बसवून, नमनाच्या खेळात सुरुवातीला गणपतीला आळवतात तो त्यांचा गण रेकॉर्ड करून घेऊन गेली. पिठीची चव लक्षात राहिली असेल बहुतेक. नाव तेवढं राहिलं नाही.

भार्गवी रत्नागिरीच्या कॉलेजात मराठी शिकवायची आणि कोकणातल्या नमनावर पीएचडी करत होती. हा गण तिलाच संस्थेच्या संकेतस्थळावर सापडला होता. घरून उघडला की सुरुवातीचे सूर वाजायचे आणि पुढे कुलूप. पूर्ण ऐकायचा तर संस्थेशी करार असलेल्या ग्रंथालयात जायचं, आणि अख्ख्या जिल्ह्यात तसं ग्रंथालय हे एकच. म्हणून काका पहाटेच्या एसटीने आले होते. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे फक्त कुजबुज उरली होती. गणाचे शब्द पुतण्याला, निलेशला, सांगून झाले होते. पण कुजबुजून चाल कशी सांगणार?

त्यांच्या घरात गण पुढच्याला द्यायचा तो खेळातून बाहेर पडायच्या वर्षी, शेवटच्या शिमग्याला. तोवर शिमग्याच्या गलक्यात कानावर पडेल तेवढाच, बसवून कुणाला शिकवायचा नाही. काका तो शेवटचा शिमगा ‘पुढच्या साली, पुढच्या साली’ करत राहिले, आणि मध्येच घसा गेला. आता आठवड्यावर आलेल्या शिमग्यात निलेश उभा राहणार होता आणि चाल होती ती फक्त या यंत्रात.

भार्गवीचा बेत साधा होता. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि निलेशला पाठवायचं. फोन दारातच जमा करून घेतला गेला.

ग्रंथपाल मालिनीबाई वाईट नव्हत्या. त्यांनी काकांना पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि मग नियम सांगितले. रेकॉर्डिंग करायचं नाही. स्पीकर लावायचा नाही. हेडफोन एकच, तो नोंदणी केलेल्या संशोधकाने लावायचा.

“आवाज यांचा आहे, बाई,” भार्गवी म्हणाली. “आणि यांनीच ऐकायचा नाही?”

“असेल हो त्यांचा. पण इथे अज्ञात लिहिलंय ना.” मालिनीबाईंना खरंच वाईट वाटत होतं. “संस्थेला मेल करा. दोन-तीन महिन्यांत उत्तर येतं.”

भार्गवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने जन्मभर गायलं त्याने नुसतं बघत बसायचं, आणि जिने गणाची एक ओळ कधी म्हटली नाही तिच्या कानात तो खुशाल वाजणार, का, तर तिच्याकडे कार्ड आहे. ते कार्ड टेबलावर भिरकावून निघून जावं असं तिला वाटलं.

काकांनी हेडफोन उचलून तिच्यापुढे धरला. “तू ऐक,” ते कुजबुजले. “गण तू घे.”

तेव्हा तिचा राग भलतीकडेच वळला. गेल्या वर्षी, काकांचा घसा शाबूत असताना, ती त्यांच्या अंगणात बसून हाच गण मागत होती. गाण्यासाठी नव्हे, अभ्यासासाठी. गण पोरीबाळींना देत नाहीत, असं काकांनी चार माणसांदेखत सांगितलं होतं. ती चहा पिऊन मुकाट परत आली होती.

“मागच्या वर्षी का नाही दिलात?”

काका टोपीची घडी घालत राहिले. घडी नीट बसेना.

“तवा माज्याजवळ आवाज होता, बाय.”

तिने हेडफोन कानाला लावला.

आवाज खडा होता, भरलेला. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता, आणि एक बाई कुणाला तरी हळू बोल म्हणून दटावत होती. भार्गवीला शेजारी बघवेना. एकदा पूर्ण ऐकून झालं. दुसऱ्यांदा ती गुणगुणू लागली. तिसऱ्यांदा ती गात होती, आणि कानात हेडफोन असलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने गातोय ते कळत नाही, तसं तिलाही कळलं नाही. पेपर वाचणारे म्हातारे पेपर खाली करून बघायला लागले. मालिनीबाई उठून आल्या आणि भिंतीवरच्या ‘शांतता राखा’च्या पाटीकडे बोट दाखवत उभ्या राहिल्या. काकांनी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर भार्गवीच्या ओठांवर होती.

एका ओळीचा शेवट तिने खाली न उतरता सरळच संपवला. काकांची थाप टेबलावर इतक्या जोरात पडली की ती दचकून थांबली. त्यांनी तिच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

“खालसून उचल,” ते वैतागून कुजबुजले, निलेशवर वैतागायचे तसेच. “परत. पयल्यापासून.”