डावी सीट

"चावी दे, डॅड."

डेल्मरने आपल्या विमानाच्या पंखाखाली मांडलेल्या खुर्चीत पाय ताणले आणि कणसाचा लचका तोडला. "आल्या आल्या सुरू! आधी जेवलीस का ते सांग."

जोलीन सकाळपासून गाडी हाकत आयोवाहून ओशकोशच्या विमानमेळ्याला आली होती. नजर पोचेल तिथवर गवतात विमानं उभी होती आणि पंखांखाली तंबू. आकाशात जुनी लढाऊ विमानं घिरट्या घालत होती. लहानपणी दर उन्हाळ्यात ती बापाबरोबर इथे मुक्काम ठोकायची. आज तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. डेल्मरची नजर अधू झाली होती, डॉक्टरांनी मार्चमध्येच विमान उडवायची मनाई केली होती आणि तरी काल त्याचा फोन आला होता : सुखरूप उतरलो, तंबू ठोकला.

"तुला दिसत नाही, डॅड."

"तू दिसतेयस की. नाक फुगलेली."

बाजूच्या तंबूपाशी वेंडेल सॉसेज भाजत होता. बापाचा जुना दोस्त आणि उडायला शिकवणारा मास्तर. जोलीनही त्याच्याच हाताखाली शिकलेली.

"वेंडेल, तुम्ही तरी सांगा ना याला!"

"माझं ऐकतो होय हा?" म्हणत वेंडेलने सॉसेज उलटलं.

"उद्या सकाळी मी याच विमानातून घरी जाणार," डेल्मर म्हणाला. "अडवायचं तर पंख्यापुढे आडवी पड."

"मी गाडीतून नेते तुला."

"मी काय बटाट्याचं पोतं आहे? एवढी काळजी आहे तर तू ने उडवून."

जोलीनने चावीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. काही वर्षांपूर्वी विमान तिच्या हातात असताना इंजिन बंद पडलं होतं. तिने ते मक्याच्या शेतात उतरवलं. तिला खरचटलंही नाही, शेजारी बसलेल्या बापाचा गुडघा मात्र कायमचा गेला. त्याने तिला एका शब्दानेही बोल लावला नाही. तिनेच स्वतःला लावला. तेव्हापासून ती शाळेची बस चालवायची आणि विमानाचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायची.

"नाही नेणार," ती म्हणाली. "आणि तुलाही जाऊ देणार नाही."

"बघू."

सकाळी ती गाडीत जागी झाली तेव्हा दोन्ही तंबू गुंडाळून झाले होते. डेल्मर लंगडत विमानाचे दोर सोडत होता. गाठ समोर असून त्याची बोटं भलतीकडेच चाचपडत होती. शेवटी गाठ सुटली, तसा तो डाव्या, वैमानिकाच्या सीटवर चढून बसला आणि त्याने पट्टा आवळला.

जोलीनने धावत जाऊन दार उघडलं. "उतर."

"नाही उतरत."

"उतर म्हणते ना! मागे बस. वेंडेल, तुम्ही माझ्या शेजारी बसा, माझा सराव राहिलेला नाही. याला मी नेते."

"तू?" डेल्मर म्हणाला. "तुला जमेल?"

"एक अक्षर बोलू नकोस!"

धावपट्टीवर तिने इंजिनाला पूर्ण जोर दिला. वेंडेलने हात मांडीवर ठेवले, तो मध्ये पडला नाही. चाकं जमिनीवरून सुटली आणि तिने दाबून धरलेला श्वास सोडला. पुढे शेतं लागली, मक्याची, मैलोन् मैल. तिने नजर वळवली नाही. खाली बघत, दात आवळून, ती त्यांच्यावरून गेली.

गावच्या छोट्या धावपट्टीवर विमान एकदा उसळलं आणि नीट टेकलं. इंजिन बंद करून ती हसायला लागली, मग तिचे डोळे भरून आले. मागे डेल्मर खिडकीकडे तोंड करून बसला होता.

"वेंडेल, माझी गाडी तिथेच राहिलीय," ती डोळे पुसत म्हणाली. "कुणाची तरी गाडी मागते आणि परत जाताना तुम्हाला तुमच्या विमानापाशी सोडते."

"माझं कसलं विमान?" वेंडेलने पट्टा सोडला. "ओशकोशला जाताना हेच मी नेलं, तू बसलीस त्याच सीटवरून. तुझ्या बापाने मार्चपासून सुकाणूला हातसुद्धा लावलेला नाही."