राहीबाईचा ओटीपी

शासन आता थेट जनतेच्या मुठीत आलं आहे, असं सेवा केंद्राच्या भिंतीवर ठसठशीत रंगवलं होतं. त्या अक्षरांखाली राहीबाई रिकामी मूठ आवळून बसली होती, कारण ओटीपी काही येत नव्हता.

"मावशी, मोबाइल बघा की," संगणकावरची दीपाली म्हणाली.

"माझ्याकडं कुठला मोबाइल?"

"मग नंबर कुणाचा सांगितलासा?"

"सगळ्या कागदांवर हाय त्योच. आप्पासोंचा."

दीपालीचा हात जागच्या जागी थांबला.

चूक तशी एकट्या राहीबाईची नव्हती. आधारचं शिबिर झालं तेव्हा धड चालणारा फोन गावात आप्पासोंकडंच होता. निम्म्या गावानं तोच नंबर देऊन टाकला. तेव्हापासून गॅस, रेशन, दवाखाना, सगळ्यांचे निरोप त्यांच्या खिशात वाजत. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला, हे सासूच्या आधी आप्पासोंना कळे. तेही मोठ्या मनानं निरोप धाडत. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

आज मात्र राहीबाई तक्रार घालायला आली होती. माळावरच्या खाणीत सुरुंग उडाला की तिच्या घराची मागची भिंत हलायची. तडा आता हात जाईल एवढा रुंद झाला होता, आणि त्याच भिंतीकडेला बाळंतीण सून निजत होती. 'तक्रारदाराचं नाव गुप्त राहील,' हे दीपालीनं वाचून दाखवलं तेव्हा कुठं तिला धीर आला होता. खाणमालक म्हणून नाव घातलं होतं, तेही आप्पासोंचंच.

"किती बारी धाडलास गं मेसेज?"

"लय बारी," दीपाली पुटपुटली. "त्यात तुमचं नाव आणि खाणीची तक्रार, दोन्ही जातंय."

बाहेर जीप थांबली.

आप्पासो चपला न काढताच आत आले. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि राहीबाईसमोर खुर्ची घेतली.

"माझ्याच नावानं का, राहीबाई?"

राहीबाई भिंतीकडं सरकली.

"कुणी शिकीवलं?"

"कुणी न्हाई. आवं, भिंत पडाय झालीया. सून ल्येकराला घिऊन तिथंच हाय."

"तिला आजच्या आज हलीव तिथनं," आप्पासो सावकाश म्हणाले. "आन हे आनखी कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"बोलू नगंस. खाणीवरची माणसं बरी न्हाईत."

राहीबाईनं पदर घट्ट धरला. तेवढ्यात माळाकडं बार उडाला. ट्यूबलाइट थरथरली. आप्पासो आवाज शांत होईपर्यंत थांबले, वाकून शटरखालून रस्ता बघितला आणि दीपालीकडं वळले.

"मगाचा नंबर शिळा झाला आसंल. नवा मागीव."

दीपालीनं घाबरत बटण दाबलं. आप्पासोंच्या खिशात घंटी वाजली. त्यांनी चष्मा लावला आणि हळू आवाजात एकेक आकडा वाचून दाखवला.

दीपालीनं ते टिपून घेतले.

"मीबी तक्रार घालाय गेलतो. ज्याच्यावर तक्रार त्याचीच तक्रार यंत्र घेत न्हाई," आप्पासो म्हणाले. "कागदावर तेवढा मालक मीच की; खाण चालीवत्यात ती माणसं येगळीच. राहीबाई, एवढी एक ओळ वाढव. आमच्याबी माजघराची भिंत फाटलीया. माझं नाव तेवढं गुप्त ठेवा."