मागची सीट

गाडीचं इंजिन चालूच होतं. भर दुपारी, सावली सोडून उन्हात उभी, आणि इंजिन चालू. पेट्रोल काय फुकट मिळतं का यांना, असं क्रेनवाल्याच्या मनात आलं. पण गरजू माणसाच्या मनात अशी शंका फार वेळ टिकत नाही.

"या काका, या." परदेशातली नोकरी लावून देणारा एजंट पुढच्या सीटवरून स्वतः खाली उतरला. क्रेनवाल्याची बॅग त्याने स्वतः उचलून डिकीत ठेवली. कामावर ठेवणारा माणूस आपलं ओझं उचलतो, हे क्रेनवाल्याने उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्याला भरून आलं.

मागच्या सीटवर एक वेल्डर आधीच येऊन बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. रांगेत मध्येच घुसणाऱ्याकडे बघावं तसं त्याने क्रेनवाल्याकडे पाहिलं.

"पासपोर्ट?"

क्रेनवाल्याने दिला. एजंटने तो उघडूनही न बघता शर्टाच्या खिशात टाकला. खिशात वेल्डरचा होताच.

"आता मोबाइल. आधी ट्रेनिंग, मग तिथूनच थेट विमान. बंदरावर पोचलात की कंपनी नवं सिम देईल."

"आणि घरी फोन?"

"कंपनी करेल की."

भरती गुपचूप आहे, शेजारीपाजारी बोलू नका, असं एजंटने बजावलं होतं. म्हणून क्रेनवाल्याने बायकोला सांगून ठेवलं होतं, बाल्कनीत येऊ नकोस. आता तिला नको म्हटलं म्हणजे ती येणारच. एक पाय गाडीत टाकून त्याने मान वर केली. सगळी नोकरी वरून खाली बघण्यात गेलेली. खालून वर बघताना मान अवघडली.

ती होती. फोन खांद्याने कानाशी दाबलेला. दोन्ही हात आडवे पसरलेले, तळवे जमिनीकडे, आणि ते हात ती जोरजोरात आडवे हलवत होती.

क्रेनच्या कामात या इशाऱ्याचा अर्थ एकच: आहेस तिथे थांब. माल उचलायचा इशारा एकाच ठरलेल्या माणसाने द्यायचा असतो. थांबायचा कुणीही द्यावा. यार्डात चहा घेऊन आलेल्याने दिला तरी आधी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. घरातलं कपाट सरकवायचं असलं की क्रेनवाला पलंगावर बसून असेच हातवारे करायचा आणि बायको फणकारायची, "हात हलवण्यापेक्षा हात लावा जरा!"

आज ती फणकारत नव्हती. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज फुटत नव्हता. गाडीतला पाय गाडीत, रस्त्यावरचा रस्त्यावर.

"काय झालं काका?"

"चष्मा... चष्मा वर राहिला."

"डोळ्यांवर आहे तुमच्या."

"हा लांबचा. जवळचा राहिला."

"तिकडे मिळेल."

"प्रेशरच्या गोळ्या..."

"त्याही मिळतील."

तिकडे सगळंच मिळत होतं. एजंटने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच आत ढकललं. ड्रायव्हरने गिअर टाकला. गाडी तसूभर पुढे सरकली, तसा क्रेनवाल्याने पाय ओढून घेतला आणि वळून एजंटच्या खिशातून वर डोकावणारा आपला पासपोर्ट काढून घेतला. पाठीवरच्या हाताने क्रेनवाल्याचा शर्ट मुठीत धरला.

"घर माहीत आहे आम्हाला," एजंट अगदी हळू, मायेने म्हणाला. "मुलीची शाळाही. चारला सुटते ना?"

हे सगळं क्रेनवाल्यानेच अर्जात लिहून दिलं होतं. सक्तीचे नसलेले रकानेसुद्धा भरले होते, तेही चांगल्या अक्षरात.

तेवढ्यात वरून बायकोचा आवाज फुटला. "कंपनीच्या ऑफिसात फोन लावला मी! एजंटने दिलेल्या नंबरवर नाही, खुद्द कंपनीच्या! त्यांनी कुणालाच नेमलं नाहीये! भरतीच नाही म्हणतात! वर या आधी!"

धडाधड खिडक्या उघडल्या. ज्यांना कळू द्यायचं नव्हतं त्या सगळ्यांची डोकी बाहेर आली. एजंटने एकेक खिडकी पाहिली, शर्ट सोडला आणि निमूट पुढे जाऊन बसला. बॅग डिकीतच राहिली. तिचं काय घेऊन बसता.

क्रेनवाल्याने उघड्या दारातून वेल्डरचा दंड धरला. "उतरा हो! ऐकलंत ना? सगळं खोटं आहे."

वेल्डरने एजंटकडे पाहिलं.

"काका मेडिकलला नापास झाले," एजंट मान न वळवता म्हणाला. "वाईट वाटतंच माणसाला."

मेडिकल कुठली, क्रेनवाल्याची नाडीसुद्धा कुणी पाहिली नव्हती. पण आपल्या दंडावर थरथरणारा हात वेल्डर पाहत होता, आणि थरथरणाऱ्या हाताने क्रेन चालत नाही एवढं त्यालाही कळत होतं.

"तुमचं जमलं नाही, आमचं तरी जमू द्या," तो म्हणाला. दंड सोडवून घेतला. पिशवी बाजूला ठेवून मोकळी झालेली जागाही घेतली आणि दार स्वतःच ओढून लावलं.

बायको फोनवर कुणाला तरी गाडीचा नंबर ओरडून सांगत होती. क्रेनवाला काचेवर थापा मारत गाडीबरोबर धावला. आत चारही दारांची कुलपं एकदम लागल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठे वेल्डरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.