धुतलेल्या काचा

“आजपासून इथे एकही तपासणी होणार नाही,” इशबेल म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकावर कापड टाकून मोकळी झाली.

एस्नार्टच्या हातात रक्ताचे थेंब पसरलेल्या तेरा काचा होत्या. बाहेर व्हरांड्यात तेरा बाया तापलेली पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“काय झालं, मॅडम?”

“खात्रीच्या रक्तात मलेरियाचे जंतू दिसले. खात्रीच्या! कळतंय का तुम्हाला?”

न कळायला काय झालं? एकोणीस वर्षं एस्नार्ट या न्खुंदा गावच्या इस्पितळात रक्तच तर बघत होती. दर सोमवारी पेशंटांच्या आधी खात्रीसाठी निरोगी माणसाचं एक स्वच्छ रक्त तपासायचं, ही शिस्त इशबेलने आल्या आल्या लावली होती. त्यात काहीही दिसता कामा नये. दिसलं, तर आपल्या कामातच घाण आहे. एस्नार्टला ते पटलंही होतं. ते रक्त मात्र इशबेलच बघायची. इथल्या माणसाचं चालत नाही, म्हणायची, धडधाकट दिसला तरी अंगात एखादा जंतू लपलेला असतो. एस्नार्ट कामावर येईपर्यंत काच वाळत ठेवून, बोटांत कापूस धरून बाई चहा ढवळत बसलेली असायची.

“काचा धुऊन वापरता ना,” इशबेल म्हणाली. “आधीच्या पेशंटचं रक्त चिकटून राहिलं. पहिल्याच दिवशी बजावलं होतं मी.”

बजावलं होतं खरं. स्कॉटलंडहून पदरचे पैसे घालून सेवेला आलेली बाई. काचांची बादली बघून तिचं तोंड असं झालं होतं, की काचा धुणाऱ्या म्हाताऱ्या लिंगस्टोनीबाबाने लाजून बादलीवर झाकण घातलं. पण नव्या काचांचं खोकं वर्षातून दोनदा येणार, आणि पेशंट रोज. धुवायच्या नाहीत तर करायचं काय?

“साबण लावतो, उकळतो, मलमलीने पुसतो,” म्हातारा मोरीवरून ओरडला. “घरी ताटंसुद्धा एवढी घासत नाही मी. विचारा माझ्या बायकोला!”

इशबेलने मान वर केली नाही. प्रयोगशाळा बंद ठेवावी, असं ती जिल्ह्याच्या इस्पितळाला पत्र लिहीत होती. बाराच्या गाडीने पत्र जाणार आणि पेशंटही यापुढे तिकडेच जाणार. तिकडे म्हणजे पासष्ट किलोमीटर, मक्याच्या ट्रकवर बसून. शेजारच्या इस्पितळातली प्रयोगशाळा अशीच महिनाभरासाठी बंद झाली होती. आता तिथे पोती ठेवतात.

एस्नार्टचं डोकं सणकलं. पण बाई मनाने वाईट नव्हती, हेही तिला ठाऊक होतं. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. सुरुवातीला ही झोपेत किंचाळायची, मलेरिया टाळायच्या गोळ्यांमुळे म्हणे. गेला महिनाभर मात्र शांत झोपत होती. इथली झाली आता, असं एस्नार्ट कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

“मॅडम, आधी दोन घास खा,” तिने उकडलेल्या रताळ्यांची ताटली पुढे केली.

इशबेलने ताटली बाजूला सारली. “इच्छा नाही.”

“राग आमच्यावर आहे ना? रताळ्यांनी काय केलंय?”

“पत्र लिहू द्या मला.” तिने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. ऑक्टोबर महिना, वर पत्रा उन्हाने तडतडतोय, आणि बाई स्वेटरात!

“आपल्या देशातली थंडी पिशवीत भरून आणलीय,” लिंगस्टोनीबाबा पुटपुटला.

एस्नार्टने काचा खाली ठेवल्या. “पत्र खुशाल पाठवा. पण एकदा माझ्यासमोर तपासणी करा. तुमच्या पेटीतलं कोऱ्या काचांचं पाकीट फोडा. काचेवर ओतायच्या रंगाची बाटलीही नवीन घ्या. रक्त तेच.”

“आणि ते स्वच्छ निघालं तर?”

“तर दोष माझ्या काचांचा. पत्राखाली मी स्वतः सही करते.”

“एस्नार्ट!” म्हातारा कळवळला. “अगं, सही कसली करतेस?”

“बाबा, तुम्ही घासलेली काच आहे. मला माहितीये.”

इशबेल पहिल्यांदाच हसली. “ठीक आहे. म्हणजे तुमचंही समाधान होईल.”

तिने पाकीट फोडलं, कोरी काच घेतली, आतल्या खोलीत गेली आणि थेंब पसरूनच बाहेर आली. नव्या बाटलीतला रंग तिनेच ओतला. काच वाळत राहिली. व्हरांड्यातलं एक पोर किरकिरत होतं. साडेअकरा वाजले. बाहेर ड्रायव्हर गाडीचं बॉनेट उघडून पाणी भरू लागला.

“बघा तुम्हीच,” इशबेल म्हणाली. “उगाच नंतर शंका नको.”

एस्नार्ट स्टुलावर बसली. तिने भिंगावर डोळा लावला आणि काच हळूहळू सरकवत नेली. एक रांग, दुसरी रांग. मग तिचा हात थांबला. परत मागे गेला. ओठ हलायला लागले, ती मोजत होती.

“स्वच्छ आहे ना?” इशबेलने विचारलं. पत्राची घडी तिने केव्हाच घातली होती.

एस्नार्टने डोळा काढला. दोष काचांचा नव्हता, तिला आनंद व्हायला हवा होता. म्हातारा दारातून तिच्याकडेच बघत होता, त्याला तिने मान हलवून दिलासा दिला. पण तिची नजर म्हाताऱ्यावर ठरली नाही. तिने इशबेलकडे पाहिलं. ओल्या कपाळाकडे, स्वेटरकडे, डाव्या हाताच्या बोटावर दाबून धरलेल्या कापसाकडे.

मग तिने पेशंटांचं रजिस्टर ओढलं, चौदाव्या ओळीवर पेन टेकवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

“नाव माहितीये मला, मॅडम. वय सांगा. आणि ताप कधीपासून आहे?”